बंधनकारक नसलेल्या मताचे वजन किती?

प्रश्न: राज्यशास्त्राचा शिक्षक, दादर

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 23 जुलै 2025 रोजी हवामान बदलाविषयी एकमताने दिलेले सल्लागार मत मी गेल्या आठवड्यात वर्गात समजावून सांगितले. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे न्यायालयाला विचारण्याची कल्पना मांडली, वानुआटू या चिमुकल्या देशाने ती उचलून धरली आणि मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून प्रश्न न्यायालयाकडे पाठवला, हे मुले मन लावून ऐकत होती. तेवढ्यात कुर्ल्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, 26 जुलैला आमच्या घरात मिठी नदीचं पाणी छातीपर्यंत होतं, असं आई सांगते. हे मत बंधनकारकच नसेल, तर आम्हाला त्याचा काय उपयोग?" 2005 साली सांताक्रूझला एका दिवसात पडलेल्या 944 मिलिमीटर पावसाचा दोष कोणा एका देशावर टाकता येत नाही, एवढेच मी बोलू शकलो. तिचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर: वकील, फोर्ट

सर, मत बंधनकारक नसते हे खरे, पण त्या मतात जो कायदा सांगितलेला असतो तो आधीपासूनच बंधनकारक असतो. राष्ट्रांची जबाबदारी केवळ हवामान करारांतून येत नाही, ती रूढीने सिद्ध झालेल्या कायद्यातूनही येते, असे न्यायालयाने म्हटले आहे. त्यामुळे करारातून बाहेर पडलेला देशही मोकळा सुटत नाही. जीवाश्म इंधनांच्या उत्खननाचे परवाने किंवा त्यांना दिलेली अनुदाने हेसुद्धा आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन ठरू शकते, हा त्यातला सर्वांत धारदार भाग आहे.

आता हे मुंबईपर्यंत कसे पोचते ते पाहू. राज्यघटनेचे कलम 51 आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर करायला सांगते आणि आपली न्यायालये त्याचा आधार घेतात. 1997 च्या विशाखा खटल्यात देशात कायदा नसताना सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मार्च 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम 14 (समानता) आणि 21 (जीवित) मध्ये आहे, असे त्याच न्यायालयाने मान्य केले. मात्र त्याच निकालात सौरऊर्जा वाढवण्याच्या भारताच्या हवामानविषयक वचनांचा दाखला देऊन, माळढोकाच्या रक्षणासाठी उघड्या वीजवाहिन्यांवर घातलेली सरसकट बंदी सैल करण्यात आली. आंतरराष्ट्रीय कायदा नेहमी आपल्याला हव्या त्याच बाजूने झुकतो असे नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

उत्तर: निवृत्त चीफ इंजिनीअर, मुलुंड

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, पण मी कायदा जहाजाच्या इंजिनरूममधून पाहिलेला माणूस आहे. समुद्रावर पोलीस नसतो. तरीही इंजिनरूमच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी समुद्रात सोडताना त्यात तेलाचे प्रमाण दहा लाखांत 15 भागांपेक्षा जास्त असू नये, हा जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आम्ही पाळत होतो. त्याचे कारण सद्गुण नव्हे. पुढच्या बंदरात तपासनीस जहाजावर चढायचा, ऑइल रेकॉर्ड बुक म्हणजे तेलाच्या नोंदींची वही उघडायचा आणि तिच्याशी टाक्यांची मापे जुळली नाहीत तर जहाज अडकवून ठेवायचा. झेंडा कोणत्याही देशाचा असो, माल उतरवायला बंदरात यावेच लागते आणि तिथेच कायद्याची पकड बसते. दर पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याला डांबराचे गोळे वाहून येतात, म्हणजे चोरी थांबलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण पूर्वी जे उघडपणे चालायचे ते आता लपून करावे लागते.

ओझोनच्या 1987 च्या माँट्रियल कराराचे यशही थोडेफार याच जातीचे आहे. करारात न आलेल्या देशांशी ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांचा व्यापार करण्यावर त्यात निर्बंध होते, त्यामुळे बाहेर राहणेच महाग पडले. कार्बनला असे बंदर अजून सापडलेले नाही. जहाजांच्या धुरावर शुल्क लावण्याच्या योजनेवरचा निर्णय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ऑक्टोबर 2025 मध्ये वर्षभर पुढे ढकलला, तेव्हा मला फार वाईट वाटले.

उत्तर: वाचक, गिरगाव

दोघांचेही म्हणणे मला जरा आशावादी वाटते. 1986 साली निकाराग्वा खटल्यात, त्या देशातल्या बंडखोरांना मदत केल्याबद्दल, याच न्यायालयाने अमेरिकेला दोषी ठरवले. ते सल्लागार मत नव्हते, बंधनकारक निकाल होता. तरीही अमेरिकेने तो मानला नाही आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून अंमलबजावणी रोखली. दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपलेही पाहावे. डिसेंबर 2024 च्या सुनावणीत भारताची भूमिका अशी होती की, अस्तित्वात असलेल्या हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत. दीडशे वर्षे धूर ओकणाऱ्यांनी आधी भरपाई करावी हा आपला मुद्दा रास्तच आहे. पण कुर्ल्याच्या मुलीला त्या युक्तिवादातून काय मिळाले?

प्रतिसाद: वकील, फोर्ट

निकाराग्वाचे उदाहरण मला मान्य आहे. अमेरिकेला हेगमध्ये नमवण्याची आशा मीही बाळगत नाही. पण त्या मुलीने याचिका केलीच, तर तिच्यातला प्रतिवादी वॉशिंग्टनमध्ये नसून मुंबईतच आहे. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याविषयीच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानुसार शहरातील पर्जन्यजलवाहिन्या ताशी 50 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याइतक्या रुंद करायच्या होत्या. महापालिकेने मार्च 2022 मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडाही जाहीर केला आहे. त्यातले किती काम पूर्ण झाले, हे उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली याचिका करून विचारता येते, आणि तिथे हेगचे मत आणि माळढोकाचा निकाल ही दोन्ही कागदपत्रे याचिकेला जोडता येतील. सर, वर्गाला खरोखरच रस असेल तर आधी माहितीच्या अधिकारात कामाची सद्यःस्थिती मागवा. त्याचा मसुदा मी करून देईन.