मदत हवी आहे : गोधडीच्या कामासाठी अमेरिकेत रेसिडेन्सी

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला राहते, गोधड्या शिवते. रेसिडेन्सी, म्हणजे कलाकाराला ठरावीक काळ काम करायला जागा देणारा उपक्रम, शोधते आहे. इथल्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत प्रोजेक्ट रो हाउसेस नावाचा कलाप्रकल्प आहे. 1993 मध्ये रिक लो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी एकामागे एक खोल्या असलेली 22 पडीक घरं वाचवली. काहींत कलाकार आपल्या कलाकृती मांडतात, काहींत एकट्या तरुण आयांना मुलांसकट राहायला जागा मिळाली. कला आणि शेजार यांची अशी सांगड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मला वस्तीत क्विल्ट (इथली गोधडी) शिवणाऱ्या आज्यांसोबत जुन्या कपड्यांची मोठी गोधडी करायची आहे. धावदोरा त्यांच्याही हातात पक्का बसलाय.

गौरेतर कलाकारांसाठीच्या रेसिडेन्सीत भारतीयांना धरतात का? न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमची रेसिडेन्सी आफ्रिकी वंशाच्या कलाकारांसाठी आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या वाटची जागा मला नको. आशियाई कलाकारांना वस्तीत काम करू देणाऱ्या जागा कुणाला माहीत आहेत? एच-4 व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या) वर्क परमिटशिवाय मानधन घेणं अडचणीचं ठरतं का? आणि सोबत शिवणाऱ्या बायकांचा मोबदला अर्जाच्या बजेटमध्ये कसा दाखवलात? कुणी असा अर्ज केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.