घर लागलं, आता खोक्यांचं काय केलंत? सोलापूरकरांनो, लिहा

बदलीवर जुळे सोलापुरात आलोय. सामान जागेवर गेलं, पण बाल्कनी पुठ्ठा, बबल रॅप, थर्माकोल आणि गोणपाटाने भरलीय. जिन्यात ठेवलं की सेक्रेटरी बेल वाजवतात, घंटागाडीवाला म्हणतो, "एवढं नाही बसत साहेब." सल्ले नकोत, स्वतः काय केलंत ते सांगा.

होटगी रोड
उभी खोकी बघून भंगारवाला थांबतच नाही. चार खोक्यांत त्याची हातगाडी भरते आणि वजन काहीच नाही. आम्ही टेप ओढून काढली, बुडाच्या घड्या उघडून खोकी चपटी केली, सुतळीने गठ्ठे बांधले. मग तोच हाक मारत वर आला. फक्त कोरडं ठेवा. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी टाकी ओसंडली, पॅसेजमधला गठ्ठा भिजला आणि त्याने भाव पाडला. भिजलेल्या पुठ्ठ्यात पाण्याचं वजन कोण विकत घेणार, हे त्याचंही बरोबरच.

अक्कलकोट रोड
माझा टॉवेलचा छोटा धंदा आहे. असली खोकी आम्ही आनंदाने घेतो, पण फाइव्ह प्लाय असेल तरच. कडेला नखाने उचकटून बघा: तीन सपाट कागद आणि मधे नागमोडी कागदाचे दोन थर दिसले तर ते फाइव्ह प्लाय. थ्री प्लायवर माल रचला की खालचं बसतं. कोपरे चेपलेले असतील तर फाइव्ह प्लायसुद्धा रद्दीतच घाला. आणि खोकं फोडताना मधोमध ब्लेड मारू नका हो, टेपवरच मारा.

सैफुल
बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला, संध्याकाळपर्यंत सगळं गेलं. पुण्याला जाणाऱ्यांची आपल्याकडे कधी वानवा आहे का!

विजापूर रोड
पुठ्ठा जातो, खरं दुखणं थर्माकोलचं. त्यात बहुतेक हवाच, त्यामुळे किलोवर घेणारा हात लावत नाही. गणपतीच्या मखराला द्यावं म्हटलं तर 2018च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं. आमच्या शेजारच्यांनी गच्चीवर पेटवलं. काळा धूर, वाळत घातलेल्या कपड्यांना वास, काकूंचा आरडाओरडा. उघड्यावर कचरा जाळायला 2016च्या घनकचरा नियमांतही मनाई होती, पण ऐकतो कोण. मी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातच ठेवलंय, पुढच्या बदलीला लागेल. उरलेलं न चुरता पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात दिलं. चुरलं की ते दाणे वाऱ्यावर सगळ्या मजल्यांवर फिरतात.

सात रस्ता
बबल रॅप टाकू नका! मुलगा हिंजवडीत आहे, त्याला शेंगाचटणीची बरणी पाठवते. दोन वेढे रॅप, बाजूने जुनं वर्तमानपत्र. बरणी आजवर फुटली नाही, चटणी मात्र रूममेटच संपवतात.

जुळे सोलापूर, दुसरी बिल्डिंग
ओल्या कचऱ्याच्या बादलीत पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे घालते. ओल शोषून घेतात, वास कमी येतो. चकचकीत छपाईचा पुठ्ठा आणि टेप नको. आणि दादा, काय करायचं ते पावसाच्या आत करा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खोक्यांना आमच्याकडे वाळवी लागली होती, तिथून ती थेट दाराच्या चौकटीत गेली.

धागाकर्ता
फाइव्ह प्लायवाल्या दादांनी निरोप टाकलाय, रविवारी टेम्पो येतोय. गोणपाट वॉचमनकाका कुंड्यांखाली घालायला घेऊन गेले. थर्माकोल अजून बाल्कनीतच आहे. टीव्हीचं खोकं मी कालच चपटं केलं बे!