५०२ च्या बाल्कनीतली कुंडी

*६०२:* काल रात्री दीडच्या सुमारास कुणाला जळका वास आला का? आम्ही गॅस, प्लग, सगळं बघितलं. शेवटी खिडक्या लावून झोपलो.

*४०२:* हो, आम्हालाही आला. मला वाटलं वायर जळतेय. मेन स्विच बंद केला आणि पडले.

*५०२ काका:* वायर नव्हती, आमची कुंडी होती. साडेदहाला तंबाखूचा पाइप ओढून झाला, विझलाच होता, म्हणून बाल्कनीतल्या वाळक्या गुलाबाच्या कुंडीत झटकला. सकाळी बघतो तर कुंडीचा प्लॅस्टिकचा काठ ओघळलेला आणि मधोमध मुठीएवढं काळं भोक. बोट घातलं तर पोळलं. सगळ्यांची माफी मागतो 🙏

*३०१:* काका, माती कशी जळेल?

*७०१:* माती नाही जळत, कोकोपीट जळतं. विकतच्या कुंडीत माती थोडी आणि काथ्याचा भुसाच जास्त असतो. झाड मेलं की पाणी घालणं थांबतं, मग भुसा खडखडीत वाळतो. एक ठिणगी पडली की तासन्‌तास आतल्या आत धुमसतो, ज्वाळा दिसत नाही. अग्निशमन दलात असताना अशा कुंड्या पाहिल्यात. लोक रोपाला ॲशट्रे समजतात.

*५०२ काका:* पण साहेब, पाइप खरंच विझला होता हो. ओढून पाहिला, धूर येत नव्हता.

*७०१:* तिथेच तर गोम आहे. सिगारेटचा निखारा टोकाला दिसतो तरी. पाइपमध्ये तो राखेच्या थराखाली दडून बसतो, आणि वरून तुम्ही तंबाखू दाबत असता. हवा कमी पडते म्हणून धूर थांबतो, पण निखारा मेलेला नसतो. झटकल्यावर तो गठ्ठा फुटतो, वारं लागतं आणि परत फुलतो.

*५०२ काकू:* यांच्या दोन शर्टांच्या खिशांना आणि आरामखुर्चीच्या गादीला भोकं आहेत. रफू मीच केलंय. दर वेळी एकच उत्तर, “विझलाय गं.”

*७०१:* वहिनी, गादीचं भोक आधी उसवून बघा. कापूस आतून किती जळालाय ते वरून कळत नाही. आणि डुलकी येत असेल तर त्या खुर्चीत पाइप नकोच. झोपेची गोळी घेतली असेल तर मुळीच नको.

*४०३:* आग राहू द्या, रोजचा धूर आमच्या घरात येतो त्याचं काय? घरात बाळ आहे.

*सेक्रेटरी:* तो विषय मीटिंगला घेऊ.

*४०३:* दर वेळी मीटिंगलाच.

*६०१:* साहेब, मग राख टाकायची कुठे? आमचे बाबा केराच्या डब्यात टाकतात.

*७०१:* कागदाच्या बोळ्यांवर? नको. जड, रुंद बुडाचा ॲशट्रे घ्या, तळाला बोटभर पाणी ठेवा. मध्ये बुचाचा गोळा असलेले मिळतात, त्यावर पाइप टिचकवला की पाइपची वाटी फुटत नाही. राख पाण्यात कालवायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी टाकायची. काड्याही त्यातच. पाइप पुन्हा पुन्हा पेटवावा लागतो, त्यामुळे काड्यांचा ढीग होतो. आणि पाइप गार होईस्तोवर स्टँडवर, खिशात नाही.

*३०२:* आमच्या आईंना कालपासून ऑक्सिजनचं मशीन लावलंय. काका संध्याकाळी भेटायला येतात, म्हणून विचारते.

*७०१:* बरं झालं विचारलंत. पाइप, लायटर घरी ठेवूनच जायचं. हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के असतो. मशीनमुळे तो पांघरुणात, केसांत मुरतो आणि मशीन बंद केलं तरी काही वेळ तिथेच राहतो. अशा कपड्यावर ठिणगी पडली तर धुमसणं वगैरे नाही, थेट भडका. आईंना पॅराफिनचं मलम लावत असाल तर ते मुरलेले कपडेही झपाट्याने पेटतात.

*५०२ काका:* समजलं. पाइप घरी ठेवून येईन.

*५०२ काकू:* आणि पॅसेजमधल्या स्मोक डिटेक्टरचं कोण सांगणार? पाइप ओढताना वाजतो म्हणून बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलीय.

*५०२ काका:* अगं, ग्रुपवर कशाला…

*७०१:* आत्ताच्या आत्ता परत घाला. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहू नका. धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला तर वासच नसतो. नवा घेणार असाल तर फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाने धूर ओळखणारा घ्या, धुमसणारी आग त्याला लवकर कळते.

*६०२:* साहेब, एक विचारू? रात्री तुम्हाला वास आला नाही?

*७०१:* आला होता. कुणीतरी कचरा जाळतंय म्हणून कूस बदलली. बोलायला तोंड नाही. यापुढे असा वास आला की वेळ न बघता ग्रुपवर टाका आणि शेजारची बेल वाजवा.

*५०२ काका:* कुंडीत दोन बादल्या ओतल्या. अजून वाफ निघतेय.

*७०१:* नुसतं वरून ओतून भागत नाही. कोकोपीट वाळून आक्रसलेलं असलं की पाणी कडेने निघून जातं. खुरप्याने उकरा, बादलीत बुडवा. हात घालू नका, मी येतो.

*४०२:* ते कडेने निघून गेलेलं पाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर आलंय. काळं.