विमान कंपनीतलं आयटी: मायग्रेशनमध्ये जाऊ की परत वेबकडे वळू? (मदत हवी आहे)

मंडळी, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणून घाईत लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

सहा वर्षं ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत जावा बॅकएंडवर होतो. आठ महिन्यांपूर्वी एका बड्या विमान बनवणाऱ्या कंपनीत आलो (नाव विचारू नका). नातेवाइकांना वाटतं मी विमानं बनवतो. प्रत्यक्षात पीएलएम सपोर्टला आहे. कोणता पार्ट, त्याचं कोणतं रिव्हिजन, कोणत्या विमानाला, हे ज्या सिस्टिममध्ये असतं तिची तिकिटं सोडवायची. आधी दिवसाला दोन-तीन रिलीज व्हायचे. इथे ड्रॉपडाउनमध्ये एक पर्याय वाढवायला सात आठवडे लागले.

गेल्या महिन्यात घोळ घातला. एका बगमुळे ४० पार्टांची इफेक्टिव्हिटी, म्हणजे कितव्या विमानापासून तो पार्ट लागू, चुकीची पडली होती. डिझाइनवाल्यांनी मेलवर बरोबर आकडे दिले आणि मी थेट डेटाबेसवर अपडेट मारला. आकडे बरोबरच होते. पण अ‍ॅप्लिकेशनला वळसा घातल्यामुळे शॉप फ्लोअरच्या एमईएसला (कामगारांच्या वर्क ऑर्डर काढणारी सिस्टिम) निरोप गेलाच नाही. पीएलएम एक सांगतंय, कामगाराच्या हातातली वर्क ऑर्डर दुसरंच. तीन विमानांवरचं काम दोन दिवस थांबवून एकेक पार्ट डोळ्यांनी तपासावा लागला. सुदैवाने सगळे नीट निघाले. मॅनेजर ओरडले नाहीत. "हा आकडा कोणी, कधी, कशाच्या आधारावर बदलला असं ऑडिटरने विचारलं तर काय दाखवायचं?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता तेच मॅनेजर मला जुना कॅड डेटा, म्हणजे पार्टांची संगणकावरची डिझाइन मॉडेलं, नव्या सिस्टिममध्ये नेण्याच्या दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर बोलावताहेत. तिकडे जुन्या कंपनीतूनही फोन आलाय. दोन वर्षं डेटा हलवत बसलो तर कोडिंगला गंज चढेल का? पीएलएमला विमानांबाहेर कोण विचारतं? आणि इथून विमानातल्या सॉफ्टवेअरकडे, ते डीओ-१७८सी (अशा सॉफ्टवेअरच्या मंजुरीचं मानक) वगैरे, जाता येतं का?

प्रतिसाद
बारा वर्षं पीएलएममध्ये आहे. मायग्रेशनला हमाली समजत असाल तर थांबा. एअरबस ए३८० का रखडलं ते वाचा. हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या व्ही४ वर, तुलूझचे व्ही५ वर. एका विमानात ५०० किलोमीटरहून जास्त वायर. जर्मनीहून आलेले हार्नेस (वायरचे तयार जुडगे) जोडणीच्या वेळी बसेनात. २००६ मध्ये एकामागून एक उशीर जाहीर झाले आणि पहिलं विमान ग्राहकाला मिळायला ऑक्टोबर २००७ उजाडला. कारणं आणखीही होती, पण कॅड आवृत्त्यांची ही तफावत त्यात मोठी.

शिवाय विमान सॉफ्टवेअरपेक्षा फार जास्त जगतं. बी-५२ बॉम्बर अमेरिकेच्या हवाई दलात आलं १९५५ मध्ये, अजून उडतंय. आज नेलेलं मॉडेल चाळीस वर्षांनी कोणीतरी उघडणार आहे. म्हणून एका कॅड फॉरमॅटमधून दुसऱ्यात भाषांतर झालं की नव्या मॉडेलचं आकारमान, पृष्ठफळ, गुरुत्वमध्य जुन्याशी ताडून बघतात. लाखो फायलींसाठी हे माणूस करत नाही, कोड करतो. मॅनेजरना एकच विचारा: हे व्हॅलिडेशन मी लिहिणार, की एक्सेल भरणार? लिहिणार असाल तर डोळे झाकून जा. एक्सेल असेल तर जुन्या कंपनीचा फोन उचला.

बाहेरच्या मागणीचं म्हणाल तर वाहन उद्योग, जहाजबांधणी, वैद्यकीय उपकरणं, सगळीकडे पीएलएम लागतं.

प्रतिसाद
विमानातल्या सॉफ्टवेअरबद्दल. सरळ उडी अवघड आहे. सी किंवा अ‍ॅडा या भाषा, आणि कोडपेक्षा पुरावेच जास्त. डीओ-१७८सी मध्ये लेव्हल ए, म्हणजे चुकलं तर विमानच जाईल असं सॉफ्टवेअर, त्याला ७१ उद्दिष्टं पूर्ण करून दाखवावी लागतात. तुमच्यासारख्यांची वाट टूलच्या बाजूने जाते: रिक्वायरमेंट ट्रेसिंग (कोणती गरज कोणत्या कोडने आणि टेस्टने भागते याचा माग), टेस्ट ऑटोमेशन. सात आठवड्यांनी वैतागला असाल तर मात्र तिकडे फिरकू नका.

आणखी एक. संरक्षणाचं काम असेल तर निर्यात नियंत्रणाचे नियम आधी विचारा. अमेरिकेच्या आयटारखालचा (संरक्षण सामग्रीच्या निर्यातीचे नियम) डेटा परदेशी नागरिकाला नुसता दाखवला तरी ती निर्यात धरतात. अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस आहे म्हणून फाईल उघडून पाहिली, हे कारण चालत नाही.

प्रतिसाद
मी उलटं सांगतो. तीन वर्षं राहून बाहेर पडलो. माणसं चांगली, काम महत्त्वाचं, पण माझा स्वभाव तो नव्हता. इथे बोअर होणं हा गुन्हा नाही.

मूळ लेखक
सगळ्यांचे आभार. मॅनेजरना विचारलं. व्हॅलिडेशन पायथनमध्ये आहे, अर्धवट आहे, आणि लिहिणारा सोडून गेलाय. म्हणजे माझ्याच गळ्यात. जवळपास ठरलंच समजा.

एक राहिलंच. त्या ४० पार्टांची नोंद अजून कुठेच नाही. आता मागाहून बदल विनंती भरून घेऊ का?

प्रतिसाद
(वरचा बारा वर्षंवालाच) भरा, पण मागची तारीख टाकू नका. आजच्या तारखेने क्वालिटीकडे विसंगतीची नोंद करा: बग काय होता, अपडेट कोणी आणि कधी केला, तीन विमानांवर काय तपासलं. डिझाइनवाल्यांची मेल जोडा. तुमची क्वेरीसुद्धा जोडा, जशीच्या तशी.