मदत हवी आहे: साताऱ्यात कन्कशननंतरच्या व्यायामासाठी सायकल

कबड्डीपटू, वय १९. डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला हादरा) झालं, त्याला सहा आठवडे झाले. न्यूरोसर्जननी तपासून व्यायामाला परवानगी दिली आहे, पण दम लागला की डोकं ठणकतं.

बफेलो ट्रेडमिल चाचणी (कन्कशननंतर किती ठोक्यांपर्यंत व्यायाम झेपतो ते बघणारी) झाली: वेग ताशी ५ किमीच्या आसपास, दर मिनिटाला चढ १ टक्क्याने जास्त. हृदयाच्या मिनिटाला १४० ठोक्यांवर त्रास दहापैकी ३ अंकांनी वाढला, तिथेच थांबवलं. त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे ११२ ते १२६ ठोके, रोज २० मिनिटं असं ठरलंय.

अडचण जागेची. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला ठोके बघता बघता १४०च्या वर जातात, सपाटीवर चालून ११२ही गाठत नाहीत. पळलं तर मानेला हादरे. त्यामुळे स्थिर सायकलच बरी. पंख्याची मात्र नको. पाय जरा जोरात मारले की तिचा भार आपोआप वाढतो.

लोड टप्प्याटप्प्याने वाढणारी सायकल साताऱ्यात महिनाभर भाड्याने कुठे मिळेल? आणि छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा? (मनगटी घड्याळ ठोके उशिरा दाखवतं.) सायकलवर मान आखडून डोकेदुखी झाली, तर ती कन्कशनची की मानेची, हे इथले फिजिओ कसं ओळखतात?