मदत हवी आहे : पक्षाघातानंतर वडील पुन्हा माणसांत आले की नाही, हे मोजायचे कसे?

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या वडिलांना (वय ६२) पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकल्याने उजवा हात-पाय लुळा पडला आणि शब्द सापडेनासे झाले. तोपर्यंत ते टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करीत होते. डिसेंबरातल्या शेवटच्या तपासणीत रुग्णालयाने त्यांना रोजची कामे स्वतःची स्वतः करता येतात का हे मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकावर १०० पैकी १०० गुण दिले, ‘आता काळजीचे कारण नाही’ असे सांगितले आणि पुढची तारीख दिलीच नाही.

ते गुण खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. १९६५ पासून प्रचारात असलेल्या त्या निर्देशांकात जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणे, जिना अशा दहाच बाबी विचारतात आणि त्या सगळ्या वडिलांना आज जमतात. परंतु पूर्ण गुण मिळवलेला हा माणूस गेल्या दहा महिन्यांत घराच्या कट्ट्यापलीकडे जेमतेम चार वेळा गेला आहे. पाळी सुटल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात होणारा चहा बंद झाला, मंडईतून भाजी आणणे बंद झाले. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांच्या वाटेने चालण्यात त्यांनी कधी खंड पडू दिला नव्हता. या जानेवारीत मात्र रिक्षाने नेतो म्हटले तरी ते उठले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात ‘करता येणे’ आणि ‘प्रत्यक्षात करणे’ यांत फरक केलेला आहे. आमचे घोडे नेमके त्या दोहोंच्या मध्ये अडले आहे.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी ‘कम्युनिटी इंटिग्रेशन क्वेश्चनेअर’ (माणूस पुन्हा घरादारात, लोकांत कितपत मिसळला हे पाहणारी प्रश्नावली) भरून पाहिली. १९९३ ची ही प्रश्नावली मुळात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी तयार झाली. प्रश्न १५, गुण २९, आणि विभाग तीन : घर, लोकांतला वावर, कामधंदा. वडिलांना ४ गुण मिळाले. मी आठवणीने त्यांच्या झटक्यापूर्वीच्या दिवसांवर तीच प्रश्नावली भरली, तर १५ आले. स्वयंपाक कोण करते, घरकाम कोण करते, या प्रश्नांना त्यांचे तेव्हाही शून्य होते आणि आताही शून्यच आहे, कारण त्यांनी जन्मात कधी तवा चुलीवर ठेवलेला नाही. (आईचे म्हणणे, यात आजाराला दोष देऊ नये.) मोकळा वेळ मित्रांबरोबर घालवला तर २ गुण आणि घरच्यांबरोबर घालवला तर १, हा हिशेबही आमच्याकडच्या घरांना कितपत लागू पडतो, याची मला शंका वाटते.

दुसरे साधन म्हणजे ‘रीइंटिग्रेशन टू नॉर्मल लिव्हिंग इंडेक्स’, म्हणजे नेहमीच्या जगण्यात परतण्याचा निर्देशांक. त्यात ११ विधाने आहेत आणि ती माणूस किती वेळा काय करतो हे न मोजता त्याला स्वतःला काय वाटते हे विचारतात : महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात दिवस जातो का, कुटुंबातली आपली भूमिका मनासारखी आहे का, चारचौघांत मोकळे वाटते का. हे मला अधिक पटले. पण वाचाघातामुळे (झटक्याने बोलण्या-समजण्यावर झालेल्या परिणामामुळे) लांब वाक्य त्यांच्या ध्यानात पुरते उतरत नाही आणि ते प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हणतात. तीच विधाने आईला विचारली असता निम्म्याहून अधिक उत्तरे ‘नाही’ अशी आली.

ही विधाने इंग्रजीतून मराठीत मीच केली; त्या भाषांतरातही एक अडचण आली. ‘कम्युनिटी’साठी मी ‘समाज’ लिहिले होते. ‘समाजात मिसळता का?’ असे विचारताच वडील जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘वर्गणी दिली की.’ आमच्या भागात समाज म्हणजे जात, तिची बैठक आणि तिचे मंगल कार्यालय, हे मी लिहिताना विसरलो होतो. आता ‘गल्लीत, बाजारात, ओळखीच्या माणसांत’ असे लिहिले आहे, परंतु त्याने मूळ विधानाचा अर्थ आकसतो का, हे जाणकारांनी सांगावे.

माझी विचारणा अशी आहे. झटक्यापूर्वीचे गुण आठवणीने भरून आजच्या गुणांशी त्यांची तुलना करणे ग्राह्य धरतात का, की अशा आठवणीत आम्ही नकळत जुने दिवस अधिक उजळ रंगवतो? रुग्णाची व घरच्यांची उत्तरे इतकी वेगळी आली तर दोन्ही स्वतंत्र ठेवावीत की एकाची प्रमाण मानावीत? वाचाघात असलेल्यांना चित्रे किंवा हसरे-रडके चेहरे दाखवून विचारण्याचा अनुभव कोणाला आहे का? कामाच्या विभागाबाबतही बोलावे : वडील यंत्रमागावर परत जाणार नाहीत हे आम्ही स्वीकारले आहे, पण रोज दुपारी ते डाव्या हाताने शेजारच्या बाईंच्या विड्यांचे कट्टे मोजून देतात, ते त्या प्रश्नावलीत कुठेच बसत नाही, आणि मला तर गेल्या वर्षभरातली तीच सर्वांत मोठी घडामोड वाटते.

दिवाळीनंतर ताई पुन्हा प्रश्नावली भरणार आहेत. त्याआधी कोणी यांपैकी एखादे साधन मराठीत प्रत्यक्ष वापरले असेल, तर त्यातली वाक्ये कशी केली होती, तेवढे तरी कृपया कळवावे.