केंद्रकाच्या पातळ्यांची घनता मोजताना सामूहिक गतीचा (अख्खं केंद्रक फिरण्याचा) गुणक वेगळाच लिहायला हवा – तुमचं मत?

भोवरा (धागाकर्ता)
युरेनियम-238 वर मंद न्यूट्रॉन सोडले की 6.67, 20.9, 36.7 इलेक्ट्रॉनव्होल्टला शोषणाची शिखरं दिसतात. प्रत्येक शिखर म्हणजे युरेनियम-239 ची सुमारे 4.8 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) उंचीवरची एकेक पातळी, म्हणजे केंद्रकाला घेता येणारी ठरावीक ऊर्जा. एकाच स्पिनच्या (कोनीय संवेगाच्या) दोन पातळ्यांत सरासरी जेमतेम 20 इलेक्ट्रॉनव्होल्ट अंतर! शिसं-208 मध्ये हेच अंतर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजतात.

भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी 1936 मध्ये केंद्रकाला स्वतंत्र कणांचा वायू मानून सूत्र दिलं: पातळ्यांची घनता, म्हणजे ठरावीक ऊर्जापट्ट्यात किती पातळ्या, ही e च्या 2√(aU) घाताप्रमाणे वाढते. U ही उत्तेजन ऊर्जा, a हा घनतेचा प्राचल, म्हणजे मोजमापाशी जुळवून ठरवायचा आकडा. पण युरेनियमचं केंद्रक लांबट आहे आणि ते अख्खं फिरतं. युरेनियम-238 च्या तळाशीच 45, 148, 307 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) अशी फिरण्याच्या पातळ्यांची शिडी दिसते. कणांच्या प्रत्येक मांडणीवर अशी शिडी उभी राहते. ब्यॉर्नहोम, ओगे बोर आणि मॉटलसन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये दाखवलं की यामुळे घनता जडत्व-आघूर्ण गुणिले तापमान इतक्या पटीने वाढते. युरेनियमसाठी ही वाढ 50-60 पटींच्या घरात जाते.

तरीही अनेक गणितांत या वाढीचा गुणक वेगळा न लिहिता a मध्येच मुरवतात. ही पद्धत मला चुकीची वाटते.

पारवा
भोवरा, मला हे पटत नाही. न्यूट्रॉनची शिखरं मोजून a ठरवला की सामूहिक वाढ त्यात आलीच. वर पुन्हा गुणक लावला तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. शिवाय फिरणारं केंद्रक आणि त्यातले कण या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. एकूण अवस्था मोजक्याच असतात. खाली जमलेल्या जादा पातळ्या वरूनच आलेल्या असतात. म्हणून ही वाढ वर कुठेतरी विरायलाच हवी. ती कुठे विरते ते पक्कं सांगता येत नसेल, तर वेगळा गुणक लिहून काय साधलं?

भोवरा
पारवा, दोनदा मोजू नये हे अगदी मान्य. गुणक वेगळा काढला की a कमी धरावाच लागतो. ढोबळ आकडे बघा. U = 4 एमईव्ही आणि a = 30 घेतला तर घातांक 22 येतो. a = 20 घेऊन वर 55 चा गुणक लावला तरी उत्तर जवळपास तेच. आता हीच दोन सूत्रं 40 एमईव्हीला न्या. घातांक 69 आणि 57! गुणक धरूनही हजारो पटींची तफावत उरते, आणि गुणक विरला असेल तर ती आणखी वाढते. तळाशी जुळलेलं सूत्र वर जुळेलच असं नाही, माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

पारवा
पण a तरी कुठे स्थिर असतो? कवच-परिणामही (कण कवचांत भरल्याने घनतेत पडणारा फरक) ऊर्जेबरोबर विरतो. मुंबईच्या पेलेट्रॉन या कण-त्वरकावर थॅलियम-205 आणि लिथियम-7 यांच्या अभिक्रियेतून शिसं-208 उत्तेजित करून हे विरणं मोजलं, 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिसं गोल असल्याने तिथे फिरण्याची भेसळ नव्हती. लांबट केंद्रकात मात्र दोन्ही परिणाम एकत्र विरत असतील, तर एका वर्णपटातून ते सोडवणार कसे?

भोवरा
एकातून नाही, तुलनेतून. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन या त्वरकावर थुलियम, टँटलम आणि सोनं यांवर अल्फा कण सोडून बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजले (2017). पहिल्या दोहोंतून लांबट ल्युटेशियम-172 आणि ऱ्हेनियम-184 उरतात. त्या दोन्हींत 14 ते 21 एमईव्हीच्या पट्ट्यात वाढ विरल्याची खूण मिळाली. सोन्यापासून बनलेल्या गोल थॅलियममध्ये नाही. आणि त्याच पट्ट्यात केंद्रक लांबट आकार सोडून गोल होतं असं सिद्धांतही सांगतो. ती खूण नुसत्या कवच-परिणामाची असती तर ती तिन्हींत दिसायला हवी होती.

पारवा
तिन्हींत का? कवच-परिणाम तिन्हींत सारखा नसतोच. तरी ही तुलना वजनदार आहे, मानतो. वाढ विरते हे त्यातून कळतं. ती किती पट होती हे अजूनही प्रतिमानावरच ठरतं.

सहज_वाचक
तुम्ही दोघं न्यूट्रॉनपाशीच थांबलात, विखंडनाकडेही (केंद्रक फुटण्याकडेही) बघा. जर्मनीतल्या डार्मस्टाटला युरेनियमच्या तुकड्यांवर प्रयोग झाले (1998). 126 न्यूट्रॉनांच्या (म्हणजे पूर्ण भरलेल्या कवचाच्या) आसपासची गोल केंद्रकं कवचामुळे विखंडनातून तगतील अशी अपेक्षा होती. ती तगली नाहीत. कारण फुटण्याच्या उंबरठ्यावर केंद्रक लांब ताणलेलं असतं, तिथे फिरण्याची वाढ पुरेपूर मिळते. तळाच्या गोल आकारात ती मिळत नाही. पारवा, a एकच ठेवलात तर उंबरठ्यावरची आणि तळाची ही वाढ वेगवेगळी कशी दाखवाल?

पारवा
उंबरठ्यासाठी a वेगळा घ्यावा लागेल. तसा तो घेतातही.

भोवरा
आणि मग त्या दोन a मधला किती फरक आकारामुळे आणि किती फिरण्यामुळे, हे तुम्ही कशावरून ओळखणार?